मेमरीतले 'पान' सापडत नाही तेव्हा...

जून महिना उजाडला की वर्धा जिल्ह्यातील सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला जातीचा, तर कुणाला रहिवासाचा. शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाची मुदत डोक्यावर असते आणि नेमके त्याच वेळी खिडकीतून उत्तर येते, 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या.' आर्वी असो, हिंगणघाट असो वा कारंजा, हे तीन-चार शब्द आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत.

सर्व्हर बंद पडण्याची कारणे बहुधा साधी असतात. वीज जाते, केबल तुटते, एकाच वेळी हजारो अर्ज येऊन आदळतात. परंतु कधी कधी असेही घडते की वीज असते, केबल शाबूत असते, डिस्कही धडधाकट असते. तरीही एखादा प्रोग्राम जागच्या जागी थिजतो. तो पुढे सरकत नाही आणि बंद करू म्हटले तर बंदही होत नाही. अखेर संपूर्ण यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. अशा थिजण्याची अनेक कारणे असू शकतात. त्यांतील एक विलक्षण आहे. तो प्रोग्राम दुसऱ्या कुणाची नव्हे, तर स्वतःचीच वाट पाहत बसलेला असतो!

हे कसे घडते आणि ते टाळण्यासाठी जगभरातील अभियंत्यांनी कोणती युक्ती योजली, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण सातबाराच्या उताऱ्यापासून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील रुग्णांच्या नोंदींपर्यंत आपला बराचसा व्यवहार आज संगणकाच्या स्वाधीन झाला आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तर २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला आहे.

टेबल आणि फडताळ

तहसील कार्यालयातील जुना अभिलेख कक्ष ज्यांनी पाहिला असेल, त्यांना संगणकाची रचना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. भिंतीलगत फडताळे, त्यांत रुमालांत बांधलेली दप्तरे आणि समोर कारकुनाचे टेबल. फडताळांत लाखो कागद मावतात. टेबलावर मात्र मोजकेच. ज्या कागदावर काम चालू आहे तो टेबलावर आणि बाकी सारे फडताळात, अशी ही व्यवस्था असते.

संगणकातील मेमरी म्हणजे हे टेबल आणि डिस्क म्हणजे फडताळ. मेमरीतील एखादी गोष्ट प्रोसेसरला साधारण शंभर नॅनोसेकंदांत मिळते. तीच गोष्ट फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून आणायची तर सुमारे दहा मिलिसेकंद, म्हणजे जवळपास एक लाखपट वेळ लागतो. आधुनिक एसएसडी डिस्क पुष्कळच वेगवान. पण तीही मेमरीच्या तुलनेत साधारण हजारपट संथच.

म्हणून संगणक मेमरीचे लहान लहान तुकडे पाडतो. त्यांना 'पेज' म्हणजेच पान म्हणतात. आपल्या नेहमीच्या संगणकांत एक पान ४०९६ बाइटचे असते. हवे ते पान टेबलावर आणायचे, नको असलेले परत फडताळात ठेवायचे, हे काम संगणकाची कार्यप्रणाली करते. प्रोग्रामला याचा पत्ताही नसतो. संपूर्ण दप्तर आपल्यासमोरच पसरलेले आहे, असे त्याला वाटत असते.

ही सोय पूर्वी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेला आणि पुढे 'टिफ्रॅक' या नावाने ओळखला गेलेला संगणक पाहा. त्याच्या मेमरीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. हिशेब केला तर ही सारी मेमरी १०,२४० बाइटची भरते. म्हणजे आजच्या भाषेत अवघी अडीच पाने! एवढ्याशा जागेत काय ठेवायचे आणि काय काढायचे, याचा विचार आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावा लागे. १९६२ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे सुरू झालेल्या 'ॲटलस' या संगणकाने हे ओझे माणसाच्या डोक्यावरून उतरवले. हवे असलेले पान मेमरीत नसेल तर यंत्र स्वतःच थांबून ते आणून देऊ लागले.

'फॉल्ट' म्हणजे दोष नव्हे

प्रोग्रामने मागितलेले पान त्या क्षणी त्याच्या हाताशी नसेल तर प्रोसेसर काम थांबवतो आणि कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजेच कर्नेलला, वर्दी देतो. या घटनेला 'पेज फॉल्ट' म्हणतात. नाव मोठे फसवे आहे. यात बहुतेक वेळा कुणाचीही चूक नसते. आपल्या संगणकावर हा प्रकार एका सेकंदात हजारो वेळा घडू शकतो.

पेज फॉल्टचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात पान मेमरीत असतेच. केवळ या प्रोग्रामच्या यादीत त्याची नोंद झालेली नसते. नोंद केली की काम भागते. दुसऱ्या प्रकारात पान डिस्कवरून आणावे लागते. तोवर प्रोग्रामला झोपवून ठेवतात आणि पान आले की जागे करतात. तिसऱ्या प्रकारात प्रोग्रामने मागितलेला पत्ताच चुकीचा असतो. तेव्हा मात्र कर्नेल त्याला थेट बंद करते.

यात फाइल सिस्टीमचा संबंध कुठे येतो? डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे, तिचे कोणते पान कोणत्या खणात आहे, याची वही फाइल सिस्टीमकडे असते. लिनक्समधील एक्स्ट४, एक्सएफएस, बीटीआरएफएस ही अशाच व्यवस्थांची नावे. प्रोग्राम फाइल दोन रीतींनी हाताळू शकतो. एक म्हणजे सरळ अर्ज करून: 'ही माहिती वाचून द्या' किंवा 'ही माहिती लिहून घ्या'. दुसरी रीत म्हणजे फाइलच आपल्या मेमरीशी जोडून घेणे. मग त्या मेमरीला हात लावला की पेज फॉल्ट होतो आणि कर्नेल फाइल सिस्टीमला म्हणते, 'अमुक फाइलचे अमुक पान आणा.'

जोडून घेतलेल्या फाइलवर लिहायचे असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. प्रोग्राम तर परस्पर मेमरीत लिहून मोकळा होईल. पण डिस्कवर जागाच शिल्लक नसेल तर? म्हणून प्रथम ते पान केवळ वाचण्यापुरते खुले ठेवतात. पहिला शब्द लिहिताक्षणी मुद्दाम पेज फॉल्ट होऊ देतात. त्या क्षणी फाइल सिस्टीम डिस्कवर जागा राखून ठेवते आणि मगच लिहिण्याची परवानगी देते. जागा नसेल तर तेथेच इशारा मिळतो. लिहिलेली माहिती नंतर मुकाट्याने नाहीशी होण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

स्वतःचीच वाट

आता मूळ कोंडीकडे वळू. पुन्हा अभिलेख कक्षात जाऊ. नियम असा आहे की नोंदवहीचे जे पान एकाने लिहिण्यासाठी घेतले, ते परत येईपर्यंत दुसऱ्या कुणालाही द्यायचे नाही. नियम अगदी योग्य आहे. दोघांनी एकाच वेळी एकाच पानावर खाडाखोड केली तर फेरफाराचा घोळ कोण निस्तरणार? संगणकात या नियमाला 'लॉक' म्हणजे कुलूप म्हणतात.

एक अर्जदार येतो. 'या पानावर माझा मजकूर लिहून घ्या,' असे तो म्हणतो. कारकून नोंदवहीचे ते पान घेतो, त्यावर 'वापरात आहे' अशी चिठ्ठी लावतो आणि मजकूर उतरवण्यासाठी अर्जदाराचा कागद हाती घेतो. पण कागदावर मजकूर नसतोच. तेथे एवढेच लिहिलेले असते की, 'मजकूर नोंदवहीच्या अमुक पानावर आहे, तो पाहून घ्यावा.' आणि ते पान नेमके कारकुनाने आताच हाती घेतलेले असते!

कारकून नियमाला धरून चालणारा. तो अभिलेखपालाकडे त्या पानाची मागणी पाठवतो. अभिलेखपालही नियमाचा पक्का. 'ते पान वापरात आहे. परत आले की देतो,' असे त्याचे उत्तर. कारकून थांबतो. पान त्याच्याच हातात आहे, ते तो सोडत नाही आणि त्याच पानाची तो वाट पाहतो आहे. कार्यालय बंद होईपर्यंत हे असेच चालणार.

कर्नेलमध्ये हुबेहूब हेच घडू शकते. प्रोग्रामने एक फाइल मेमरीशी जोडून घेतली आणि 'या मेमरीतील मजकूर त्याच फाइलच्या त्याच पानावर लिहा,' असा अर्ज केला. फाइल सिस्टीमने पानाला कुलूप लावले आणि मजकूर उतरवायला सुरुवात केली. मजकुराचे पान हाताशी नसल्याने पेज फॉल्ट झाला. तो फॉल्ट निस्तरण्यासाठी त्याच पानाचे कुलूप हवे. यालाच 'डेडलॉक' म्हणतात.

असा विचित्र अर्ज कोण करील, असे कुणी विचारील. जाणूनबुजून फारसे कुणी करणार नाही. परंतु चुकून कुणी करू शकतो आणि खोडसाळपणे तर नक्कीच करू शकतो. शिवाय हीच कोंडी दोघांमध्येही होते. एकाच्या हाती पहिले कुलूप आणि त्याला हवे दुसरे. दुसऱ्याच्या हाती दुसरे आणि त्याला हवे पहिले. अर्जदार शहाणाच असेल असे गृहीत धरून कर्नेल लिहिता येत नाही.

अडकलेल्या अशा प्रोग्रामला सक्तीने बंद करण्याची आज्ञाही लागू पडत नाही. कारण तो कर्नेलच्या आत, अर्धवट कामात झोपलेला असतो. त्याच्यामागून त्या फाइलला हात लावणारे इतर प्रोग्रामही एकेक करून थांबत जातात. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यातले एवढेच कळते की सर्व्हर डाउन आहे.

हाती धरून थांबू नये

यावरील उपाय ऐकायला सोपा आहे. कारकुनाने नोंदवही हाती घेण्यापूर्वीच अर्जदाराचे सारे कागद टेबलावर आले आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. कर्नेलही तेच करते. कुलूप लावण्याआधी ते प्रोग्रामच्या मेमरीतील संबंधित पानांना नुसता हात लावून पाहते. पेज फॉल्ट व्हायचा असेल तर तेव्हाच होऊन जातो आणि पान हाताशी येते.

पण एवढ्याने भागत नाही. टेबल लहान असते. खात्री करून घेणे आणि नोंदवही हाती घेणे या दोन क्षणांच्या मध्ये दुसऱ्या कुणी जागा करण्यासाठी तो कागद परत फडताळात ठेवला तर? म्हणून दुसरी तरतूद केली जाते. कुलूप हाती असताना पेज फॉल्टवर तात्पुरती बंदी घालतात. नक्कल करताना एखादे पान सापडले नाही तर वाट पाहायची नाही. जेवढे बाइट उतरवले तेवढे मोजायचे, कुलूप सोडून द्यायचे, हरवलेले पान आणायचे आणि मग राहिलेल्या मजकुरापासून पुन्हा सुरुवात करायची.

थोडक्यात, कुलूप हाती धरून वाट पाहायची नाही. वाट पाहायचीच असेल तर आधी हात मोकळे करायचे.

लिनक्समधील या भागाची मोठी पुनर्रचना निक पिगिन या अभियंत्याने केली आणि ती जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२४ या आवृत्तीत आली. लिहिण्याच्या कामाचे आरंभ आणि समाप्ती असे दोन स्वतंत्र टप्पे करून प्रत्येक फाइल सिस्टीमला ते नीट आखून देण्यात आले.

अर्धवट राहिलेल्या कामाचाही प्रश्न असतो. पान नवे कोरे असेल आणि त्यावर निम्माच मजकूर उतरला असेल, तर उरलेल्या निम्म्यात काय आहे? तेथे मेमरीतील आधीच्या कुणाच्या तरी माहितीचे अवशेष असू शकतात. ते पान 'पूर्ण' म्हणून स्वीकारले तर एका रुग्णाच्या फाइलमध्ये दुसऱ्याच कुणाचा मजकूर दिसण्याची भीती. म्हणून अशा वेळी 'काहीच लिहिले गेले नाही' असे मानून काम पुन्हा आरंभापासून करतात. वेळ गेला तरी चालेल. माहिती गळता कामा नये.

जुने दुखणे, नवे रूप

एवढे होऊनही हा विषय संपला नाही. अनेक संगणक मिळून एकच डिस्क वापरतात, तेव्हा कुलपे एका यंत्रापुरती राहत नाहीत. रेड हॅट या कंपनीची जीएफएस२ ही अशीच सामायिक फाइल सिस्टीम आहे. तीत पानाच्या कुलपाखेरीज संपूर्ण फाइलचे एक मोठे कुलूप असते आणि ते सर्व यंत्रांना लागू पडते. ते हाती असताना पेज फॉल्ट झाला की तीच जुनी कोंडी नव्या रूपात उभी राही. अँड्रियास ग्रुएनबाकर या अभियंत्याने २०२१ साली त्यावर काम केले. ते जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.१६ या आवृत्तीत आले. उपाय तोच: कुलूप असताना फॉल्टला बंदी, पान आणण्यासाठी कुलपावरील पकड सैल करणे आणि पुन्हा प्रयत्न.

पण 'पुन्हा प्रयत्न' यातही एक खाच आहे. हात लावून पाहिले तर पान जागेवर आहे आणि नक्कल करायला गेले तर जमत नाही, असे झाले तर? एआरएम जातीच्या काही नव्या प्रोसेसरांत मेमरीच्या प्रत्येक १६ बाइटला खुणेची चिठ्ठी लावण्याची सोय आहे. त्यामुळे एकाच पानाचा काही भाग खुला आणि काही भाग बंद असू शकतो. कर्नेल पानातील एकाच जागी हात लावून 'ठीक आहे' म्हणे, नक्कल दुसऱ्या जागी अडखळे, पुन्हा हात लावणे, पुन्हा अडखळणे... असे अखंड फिरत राहण्याची शक्यता बीटीआरएफएसच्या एका भागात आढळली. कारकून थांबलेला नाही, उलट सारखा धावपळ करतो आहे. पण काम तसूभरही पुढे सरकत नाही. २०२२ साली ही त्रुटी दूर झाली. पुन्हा प्रयत्न करणे पुरेसे नाही, प्रत्येक प्रयत्नागणिक काम पुढे सरकले पाहिजे, हा त्यातील धडा.

पेज फॉल्टच्या हाताळणीत चूक राहिली तर केवळ यंत्र अडकते असे नाही, सुरक्षेलाही खिंडार पडते. ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आलेली 'डर्टी काउ' ही त्रुटी याच शेजारातील. केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलवर साधा वापरकर्ताही त्यायोगे लिहू शकत होता. आपल्या हातातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच असल्याने असंख्य फोन तिच्या कक्षेत आले. २००७ पासूनच्या आवृत्त्यांत ही त्रुटी दडून बसली होती. नऊ वर्षे ती कर्नेलमध्ये होती आणि दरम्यान हजारो जाणकारांची नजर त्या कोडवरून फिरली असेल!

पुणे, वर्धा आणि आपण

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण तसे ते नाही. फाइल सिस्टीमचे कोड लिहिण्याचे काम महाराष्ट्रात गेली अनेक वर्षे चालू आहे. १९९१ साली आलेल्या व्हीएक्सएफएस या नामवंत फाइल सिस्टीमची कंपनी व्हेरिटास. तिचे मोठे विकास केंद्र पुण्यात होते. कंपनीची मालकी पुढे अनेकदा बदलली. परंतु त्या निमित्ताने मराठी अभियंत्यांच्या एका पिढीला कर्नेलच्या अंतरंगात काम करण्याची संधी मिळाली. रेड हॅटचेही पुण्यात कार्यालय आहे. शिवाय लिनक्सचा कोड सर्वांना खुला आहे. सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थीही वसतिगृहात बसून तो वाचू शकतो, त्यात चूक शोधू शकतो आणि सुधारणा सुचवू शकतो. त्यासाठी पुण्या-बंगळुरूचे तिकीट काढावे लागत नाही.

कार्यालयांत, रुग्णालयांत, बँकांत संगणक सांभाळणाऱ्यांसाठीही यात काही सांगण्यासारखे आहे. प्रोग्राम थिजला आणि कोणत्याही आज्ञेला दाद देईना, तर यंत्र घाईने बंद करून मोकळे होण्याची आपली सवय असते. काम सुरू होते; पण पुरावाही पुसला जातो. लिनक्समध्ये एखादे काम १२० सेकंदांहून अधिक काळ असे अडकले तर कर्नेल सहसा स्वतःच त्याची नोंद करून ठेवते. कोणत्या कुलपापाशी गाडी अडली, हे त्या नोंदीवरून तज्ज्ञांना कळू शकते. तेव्हा यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी ती नोंद जपून ठेवावी. दुसरे म्हणजे, कर्नेलच्या सुधारित आवृत्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. वर सांगितलेल्या त्रुटी दुरुस्त झाल्या खऱ्या. पण दुरुस्ती ज्याने बसवलीच नाही, त्याच्या यंत्रात त्या आजही तशाच आहेत.

सेतू केंद्राच्या खिडकीतून 'सर्व्हर डाउन आहे' असे उत्तर पुढच्या जूनमध्येही येईल. दर वेळी त्यामागे पेज फॉल्टच असेल असे मुळीच नाही. पण नक्की काय बिघडले, हे विचारण्याचा आणि त्याचे उत्तर शोधून ठेवण्याचा प्रघात कार्यालयांत पडला, तर तेच कारण पुढच्या वर्षी पुन्हा कुणाचा प्रवेश अडवणार नाही. रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे आणि त्याच्या वडिलांचे, दिवसाची मजुरी बुडवून आलेल्यांचे, एवढे देणे आपण लागतोच.